गाडी स्लोला थांबत नाही!

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी नाश्त्याला पोहे नव्हते, चहालाही दूध नव्हतं, आणि दोन्ही हॉस्टेलच्या पब्लिकने बिस्किटं खाऊन पहिलं लेक्चर केलं. आठवतंय ना? मेसच्या काकांना त्या दिवशी खूप ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. त्या पोह्यांची गुन्हेगार मी! मी आणि मेकॅनिकलचे आणखी दोन वीर.

हा लेख म्हणजे अर्धा कबुलीजबाब आणि अर्धा टेक्निकल आर्टिकल आहे. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे मराठी लिहिताना माझी अवस्था स्लोला न थांबणाऱ्या गाडीसारखीच होते, मध्येच बंद पडते. ऱ्हस्व-दीर्घ मॅडमनी तपासलंय. 'आयडलिंग'ला त्यांनी 'निष्क्रिय गती' असा शब्द सुचवला होता, पण तो मी नम्रपणे नाकारला. गॅरेजमध्ये त्याला 'स्लो' म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे.

तर झालं असं. काकांची गाडी म्हणजे २०१४ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक. चार सिलिंडर, ११०० सीसीच्या आसपास, केबलचा थ्रॉटल. कंपनीचं नाव देत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. मागची सीट पाडून त्यात पहाटे मंडईतून भाजी आणि डेअरीतून दुधाचे क्रेट येतात. रात्री-अपरात्री कोणाला बरं नसलं तर हीच गाडी ॲम्ब्युलन्स होते, कारण आपलं कॉलेज गावापासून नऊ किलोमीटर आत आणि रात्री दहानंतर रिक्षा मिळणं म्हणजे लॉटरी. काका म्हणाले, "ताई, ॲव्हरेज कमी झालंय, पिकअप पण नाही." आम्ही नुकतेच आय.सी. इंजिन्सच्या पेपरात बरे मार्क मिळवलेले. लगेच म्हणालो, काका, रविवारी आणा गाडी, फुकट सर्व्हिसिंग करून देतो!

रविवारी आम्ही चार नवीन स्पार्क प्लग टाकले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी काढून आतला काळा कार्बन क्लीनरने धुतला आणि नवीन गॅस्केट टाकून ती परत बसवली. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली होती, ती लावली. गाडी एका सेल्फमध्ये स्टार्ट झाली. टाळ्या वगैरे झाल्या. आणि मग इंजिन 'वूं...वूं...वूं...' असं गायला लागलं. टॅकोमीटरचा काटा १००० वरून १६००, परत १०००, परत १६००. एक्सलेटरवर कोणाचाही पाय नाही! गरम झाल्यावर गाणं थांबलं, पण आता सिग्नलला थांबायला क्लच दाबला की काटा सरळ खाली पडून गाडी बंद. रस्त्यावर मात्र झकास पळत होती. काका म्हणाले, "पिकअप एक नंबर झालाय, पण गाडी स्लोला थांबत नाही."

इथे जरा थांबून स्लो म्हणजे नक्की काय ते बघू, कारण मला स्वतःला ते परीक्षेत नीट लिहिता आलं असतं आणि तरी कळलेलं नव्हतं.

स्लोला इंजिन बाहेर काहीच काम करत नाही. जेवढी ताकद तयार होते तेवढी सगळी स्वतःचं घर्षण, अल्टरनेटर, पाण्याचा पंप यातच खर्च होते. जमा-खर्च बरोबर शून्यावर! समजा ८०० आरपीएम. फोर-स्ट्रोक, चार सिलिंडर, म्हणजे दर फेऱ्याला दोन स्फोट, सेकंदाला साधारण २७. एक स्फोट जरा कमजोर झाला तर काटा हलतो, चार-पाच लागोपाठ कमजोर झाले की इंजिन मरतं. ३००० आरपीएमवर तोच कमजोर स्फोट फ्लायव्हील पचवून टाकतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून इंजिनातला बारीकसा दोष पहिल्यांदा स्लोला दिसतो.

आता हवेचा हिशोब बघा. स्लोला थ्रॉटलचं झाकण जवळजवळ बंद असतं. पिस्टन हवा ओढतायत आणि दार बंद, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाब खूप कमी होतो. आपल्याकडे समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटरवर बाहेरचा दाब साधारण ९५ किलोपास्कल, आणि आत फक्त ३५ च्या आसपास. ११०० सीसीचं इंजिन ८०० आरपीएमवर असताना या दाबाला दर सेकंदाला सव्वादोन-अडीच ग्रॅम हवा घेतं. अडीच ग्रॅम! मेसमध्ये चहात साखर याच्यापेक्षा जास्त असते (गुरुवार सोडून).

ही अडीच ग्रॅम हवा झाकणाच्या कडेच्या फटीतून आणि बाजूच्या एका छोट्या वाटेने आत जाते. त्या वाटेवर आयडल व्हॉल्व्ह बसलेला असतो. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आरपीएम बघून तो व्हॉल्व्ह किंचित उघडतो किंवा मिटतो. एसी लावला की उघडतो, बंद केला की मिटतो. शिवाय तो शिकतो. झाकणाच्या कडेला कार्बन साचत गेला की फट बुजते, मग ईसीयू व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडा ठेवायला शिकतो. आपण एक दिवस येऊन कार्बन धुऊन टाकला की फट परत मोठी होते, आणि बॅटरी काढल्यावर बऱ्याच गाड्यांत ते शिकलेलंही पुसलं जातं. म्हणून थ्रॉटल साफ केल्यावर पहिला थोडा वेळ स्लो वरखाली होणं हा बिघाड नाही. इंजिन पूर्ण गरम करून, लाइट-पंखा-एसी बंद ठेवून काही मिनिटं स्लोला चालू ठेवलं, मग एसी लावून परत तसंच केलं की बहुतेक गाड्या स्वतःच सावरतात. नेमकी पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

आम्ही हेच काकांना सांगितलं. "काका, ती शिकतेय." सोमवार गेला, मंगळवार आला, गाडी काही शिकेना. नापासच!

मग आम्ही तेच केलं जे नवशिके लोक करतात, म्हणजे पार्ट बदलायला सुरुवात केली. जुने प्लग परत टाकून बघितले. फरक नाही. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत जो जाड रबरी पाइप येतो त्याच्या क्लिपा एक संध्याकाळ घालवून कडक आवळल्या. (ते किती निरर्थक होतं ते पुढे येईलच.) शेवटी विंगमध्ये वर्गणी काढून १८०० रुपयांचा नवीन आयडल व्हॉल्व्ह आणला, कारण 'स्लोचा प्रॉब्लेम, मग स्लोचाच व्हॉल्व्ह' असं आमचं लॉजिक. वूं...वूं... तसंच. आमच्यातल्या एकाने तर थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला पाना लावला आणि झाकण थोडं उघडंच राहील असं केलं, म्हणजे गाडी बंद तरी पडणार नाही. त्याचं नाव सांगत नाही, एवढंच सांगते की तो याच मासिकाच्या इंग्रजी विभागात कविता लिहितो. त्या स्क्रूवर फॅक्टरीतून रंगाचा ठिपका मारलेला असतो, त्याचा अर्थ 'हात लावू नका' असा असतो हे आम्हाला नंतर कळलं.

बुधवारी रात्री पावणेबाराला तळमजल्यावरच्या फर्स्ट इयरच्या एका मुलीला दम्याचा अटॅक आला. इनहेलर संपलेला. रेक्टर मॅडमनी काकांना फोन केला, काका पाच मिनिटांत गाडी घेऊन गेटवर. मी पुढे बसले, मॅडम तिला घेऊन मागे. नऊ किलोमीटरमध्ये गाडी तीनदा बंद पडली. पहिल्या दोन वेळा वळणावर, सेल्फ मारला की चालू. तिसऱ्यांदा हायवेच्या पुलाखालच्या उतारावर. काकांनी क्लच दाबून ब्रेक मारला, काटा खाली गेला, डॅशबोर्डचे सगळे दिवे लागले आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागून ट्रक येत होता. ब्रेकला मदत करणारा सर्व्हो त्याच मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडल्यावर साठलेला व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबण्यापुरता पुरतो, नंतर पेडल लाकडासारखं होतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या रात्री काकांच्या पायाकडे बघून कळलं, दोन्ही पायांनी दाबत होते ते. गाडी कडेला घेतली, परत स्टार्ट केली, पोचलो. तिला नेब्युलायझर लावला, तासाभरात ती बोलायला लागली. आता ठणठणीत आहे आणि हा भाग तिला विचारूनच लिहिलाय.

येताना काका काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. गेटपाशी फक्त म्हणाले, "सकाळी मंडईत नाही नेत गाडी. रस्त्यात बंद पडली तर दूध नासेल." म्हणून पोहे नव्हते.

गुरुवारी दुपारी प्रॅक्टिकल बुडवून मी वर्कशॉपमधल्या मामांकडे गेले. मामांना सगळे ओळखतात. लेथवर आपला जॉब बिघडला की न ओरडता दुसरा बार कापून देणारे तेच. कॉलेजात यायच्या आधी ते बारा वर्षं गॅरेजमध्ये होते, हे मात्र मला माहीत नव्हतं. मी उत्साहात फ्युएल ट्रिम, सेन्सर वगैरे सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"गाडी कधीपासून असं करते?"

"रविवारपासून."

"शनिवारी?"

"शनिवारी स्लो चांगला होता. फक्त ॲव्हरेज..."

"मग रविवारीच शोधायचं. काय काय खोललं ते सगळं लिहून आणा. बदललं ते नाही, हात लावला ते."

हा प्रश्न आम्ही चार दिवसांत स्वतःला एकदाही विचारला नव्हता. आमच्या डोक्यात यादी होती ती नवीन पार्टची. प्लग, फिल्टर, गॅस्केट. जॉबशीटच्या मागे 'हात लावला' अशी यादी करायला बसलो तर ती सतरा ओळींची झाली! चार प्लग काढायला इग्निशनच्या वायरी ओढल्या. थ्रॉटल बॉडी काढायला केबल सैल केली, सेन्सरचे दोन कनेक्टर काढले, कूलंटचे दोन बारीक पाइप काढले. आणि ती बाहेर निघेना म्हणून तिच्या खालचा एक रबरी पाइप बाजूला ओढून धरला. ओढला म्हणजे खेचलाच. त्या ओळीवर मामांनी पेन्सिलने खूण केली आणि काही बोलले नाहीत.

आता तो फ्युएल ट्रिमचा किस्सा सांगितलाच पाहिजे, कारण इथे आम्ही शिकलेली माणसं फसलो. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा डोंगल लावला की मोबाइलवर इंजिनचे आकडे दिसतात. कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरत असेल, म्हणजे व्हॅक्यूम लीक असेल, ही शंका आम्हाला सोमवारीच आली होती. पण अमेरिकन व्हिडिओंमध्ये सगळे सांगत होते की व्हॅक्यूम लीक असला की फ्युएल ट्रिम अधिक वीसच्या पुढे जातो, म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवत बसतो. आमचा ट्रिम होता अधिक चार. चेक इंजिनचा दिवासुद्धा नाही. आम्ही वहीत लिहिलं, 'व्हॅक्यूम लीक नाही', खाली दोन रेघा मारल्या आणि १८०० रुपयांच्या दिशेने निघालो.

चूक कुठे झाली? हॉस्टेलचंच उदाहरण घ्या. मेसला किती पोळ्या लागतील हे ठरवायच्या दोन पद्धती आहेत. एक, गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये किती जण आत आले ते मोजायचं. दुसरी, मेसमध्ये जाऊन प्रत्यक्ष डोकी मोजायची. आता समजा दहा जण भिंतीवरून उडी मारून आले. (समजा!) रजिस्टरवाल्या मेसमध्ये पोळ्या कमी पडणार. डोकी मोजणाऱ्या मेसमध्ये पोळ्या बरोबर पुरणार, कारण उडी मारून आलेलेही मोजले गेले, पण गर्दी मात्र ठरवल्यापेक्षा जास्त होणार.

काही गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर दारात, म्हणजे एअर फिल्टरच्या मागे असतो. तो मास एअर फ्लो सेन्सर. त्या गाडीत थ्रॉटलच्या पुढे लीक झाला तर ती हवा मोजली जात नाही, पेट्रोल कमी पडतं, ट्रिम वर चढतो. व्हिडिओतल्या बहुतेक गाड्या त्या. काकांच्या गाडीत मात्र मॅप सेन्सर आहे. तो मॅनिफोल्डच्या आत बसून तिथला दाब मोजतो, म्हणजे डोकी मोजतो. हवा कुठूनही येवो, दाब वाढला की ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोल देणार. मिश्रण ठीक, ट्रिम ठीक, फक्त हवा आणि पेट्रोल दोन्ही जास्त, म्हणून आरपीएम वर. (क्लिपांची ती संध्याकाळही यातच वाया गेली. थ्रॉटलच्या अलीकडे, फिल्टरच्या पाइपमध्ये फट असली तर मॅपवाल्या गाडीत धूळ आत जाईल, पण स्लो बदलणार नाही. ती हवा झाकणाच्याच फटीतून जाणार ना?)

मग ते 'वूं...वूं...' का? आरपीएम वाढले म्हणून ईसीयू आयडल व्हॉल्व्ह मिटत नेतो. पूर्ण मिटला तरी हवा जास्तच, कारण ती व्हॉल्व्हमधून येतच नाहीये. स्पार्कची वेळ मागे खेचून बघतो. तेही पुरत नाही. मोबाइलवर हे दिसत होतं, इग्निशन टायमिंगचा आकडा शून्याच्या आसपास खालीवर नाचत होता. तशाच मॉडेलच्या एका सरांच्या गाडीत तो आठ-नऊ अंशांवर शांत बसलेला. (सरांची परवानगी घेतली होती, नोंद असावी.) शेवटी आरपीएम एका मर्यादेच्या वर गेले की ईसीयूला वाटतं, एक्सलेटर सोडलाय आणि इंजिन तरी जोरात फिरतंय, म्हणजे गाडी उतारावर असणार. मग तो पेट्रोल बंदच करतो, उतारावर पेट्रोल वाचवायची ती नेहमीची युक्ती आहे. काटा धाडकन खाली येतो, पेट्रोल परत चालू होतं, काटा वर चढतो, परत बंद. थर्ड इयरला कंट्रोल सिस्टिममध्ये ऑसिलेशन शिकतो ना, ते हेच, फक्त आवाजासकट. फार जुना आजार आहे हा. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला गोळ्यांचा गव्हर्नर लावला, आणि पुढे असे गव्हर्नर लावलेली यंत्रं अशीच वेगात वरखाली हेलकावे खायची. मॅक्सवेलने १८६८ साली त्यावर गणित मांडलं. आपल्याला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये छळणारा तोच मॅक्सवेल!

आता एक आकडा, जो मी त्या रात्री रूमवर काढला आणि ज्याने माझी झोप उडाली. नोझलच्या चॅप्टरमध्ये क्रिटिकल प्रेशर रेशो आहे, हवेसाठी ०.५२८. आत ३५ आणि बाहेर ९५, म्हणजे रेशो ०.३७. क्रिटिकलच्या खूप खाली. म्हणजे फट कितीही बारीक असली तरी हवा तिच्यातून ध्वनीच्या वेगाने आत शिरते. सूत्रात घालून बघा, फक्त दोन मिलिमीटर व्यासाच्या भोकातून सेकंदाला अर्धा ग्रॅमहून थोडी जास्त हवा येते. स्लोला लागणारी एकूण हवा अडीच ग्रॅम. म्हणजे पाचवा हिस्सा! पेनाच्या रिफिलच्या भोकातून! तीच गाडी हायवेवर साठच्या स्पीडला सेकंदाला दहा-अकरा ग्रॅम हवा खाते, तिथे हा अर्धा ग्रॅम पाच टक्के, कोणाला कळणार? म्हणून काकांना 'पिकअप एक नंबर' वाटत होता.

मामांना यातलं काही सांगावं लागलं नाही. संध्याकाळी त्यांनी गाडी थंड असतानाच स्टार्ट केली आणि बॉनेट उघडून नुसते उभे राहिले, बहुतेक दोन मिनिटं. आम्ही क्लीनरचा स्प्रे पुढे केला, कारण लीक शोधायला लोक तो पाइपांवर मारतात आणि इंजिनचा आवाज बदलतो का ते बघतात. मामांनी तो हातातून काढूनच घेतला. पेटणारं द्रव्य, शेजारी तापलेला एक्झॉस्ट, आणि स्पार्कच्या जुन्या वायरी. "हॉस्टेल पेटवायचंय का?" त्यांनी माझ्या रूममधली काच पुसायची स्प्रेची बाटली मागवली, धुऊन साधं पाणी भरलं. गॅस्केटच्या कडेने बारीक फवारा मारला, काही नाही. इंजेक्टरच्या बुडाशी, काही नाही. मग ब्रेक सर्व्होचा पाइप फडक्यात गुंडाळून पकडीने हलकेच दाबला, काही नाही. मग थ्रॉटलच्या खाली हात घालून तो 'खूण केलेला' पाइप मॅनिफोल्डच्या तोंडाजवळ दाबला.

आणि गाणं थांबलं. काटा ९०० वर येऊन उभा राहिला. चार दिवसांनी पहिल्यांदा!

तो पाइप पीसीव्हीचा. पिस्टनच्या कडेने जो थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये गळतो, तो हवेत न सोडता परत मॅनिफोल्डमध्ये नेऊन जाळायचा, त्यासाठी तो असतो. दहा वर्षांत इंजिनच्या उष्णतेने रबर कडक झालेलं, बिस्किटासारखं. रविवारी मी खेचला तेव्हा तो बुडाच्या बाजूला, वाकतो तिथे, लांबट चिरला. वरून बघितलं तर अगदी धडधाकट. आम्ही निदान पाच वेळा टॉर्च मारून बघितलेला, पण वरूनच. बाहेर काढून वाकवला तेव्हा चीर मासळीच्या तोंडासारखी उघडली.

आणि गरम झाल्यावर गाडी बंद का पडायची, हा माझा शेवटचा प्रश्न होता. मामांचं म्हणणं मला पटलं. लीक कायमचा सारखाच असता तर ईसीयूने निभावलं असतं, व्हॉल्व्ह मिटून ठेवून. पण गरम झालं की रबर मऊ पडतं, व्हॅक्यूमने चिरेचे ओठ आत ओढले जाऊन मिटतात. तोपर्यंत ईसीयू शिकलेला असतो की हवा फार येते, म्हणून त्याने व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवलेला. क्लच दाबला, आरपीएम खाली आले, भिंतीवरून येणारे अचानक यायचे थांबले आणि गेट तर बंद. व्हॉल्व्ह उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात इंजिन गुदमरलं. बिचारी खरंच शिकत होती, चुकीचं शिकत होती.

नवीन पाइप १४० रुपयांचा. स्टॉप स्क्रू मामांनी रंगाच्या ठिपक्यावर परत आणला आणि कवींकडे फक्त एकदा बघितलं. जुना आयडल व्हॉल्व्ह धुऊन परत बसवला, प्लग नवीन तेच ठेवले. आम्ही आणलेल्या एकाही नवीन पार्टमध्ये दोष नव्हता, आणि जुन्या व्हॉल्व्हमध्येही नव्हता. बॅटरी काढून लावली, इंजिन गरम करून दहा मिनिटं स्लोला ठेवलं, मग एसी लावून पाच मिनिटं. काटा ८०० च्या आसपास, किंचित थरथर, बस. मामा म्हणाले त्यांच्या काळी कार्ब्युरेटरच्या गाडीला हे सगळं एका स्क्रू ड्रायव्हरने आणि कानाने व्हायचं. मी विचारलं, मग ते बरं होतं का? म्हणाले, "छे, दर महिन्याला करावं लागायचं!"

शुक्रवारी पोहे होते. काकांनी माझ्या ताटात जास्त शेंगदाणे टाकले, त्याचा अर्थ मी अजून लावतेय. शनिवारी रात्री मी त्यांच्याबरोबर त्याच पुलाखालच्या उतारावर गेले, मुद्दाम. क्लच दाबला, ब्रेक मारला. काटा ८०० ला आला आणि तिथेच राहिला. काका म्हणाले, "बघा, थांबली की नाही स्लोला."

ताजा कलम : १८०० रुपयांचा आयडल व्हॉल्व्ह, दोन दिवस वापरलेला, बॉक्ससकट विकणे आहे. बॉक्स फोडल्यामुळे दुकानदार परत घेत नाही. आलेले पैसे विंगच्या वर्गणीत परत जातील. मेसच्या काउंटरवर काकांकडे ठेवलाय, पण त्यांना तो बघितला की हसू येतं, त्यामुळे जेवणाच्या गर्दीत विचारू नये.